हाक एकीला, ओ दुसरीचा

परीक्षा आणि द्राक्षं आमच्या नाशकात एकदमच पिकतात. फेब्रुवारी उजाडला की महामार्गावर क्रेट भरलेले टेम्पो दिसू लागतात आणि शाळाशाळांतून दहावीच्या पोरांचे चेहरे उतरायला लागतात. दोन्हीकडे एकच घाई असते, वेळेत तयार झालं पाहिजे आणि डाग पडता कामा नये. मी समुपदेशक आहे. नाव भारदस्त आहे, काम मुख्यतः बसून ऐकण्याचं. आठवड्यातले चार दिवस शहरात, कॉलेज रोडजवळच्या माझ्या एका खोलीत नवराबायका आणि कुटुंबं येतात. उरलेले दोन दिवस मी बसनं पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या एका शाळेत जाते. तिथली मुलं मला टेन्शनवाल्या मॅडम म्हणतात. टेन्शन देणाऱ्या की घालवणाऱ्या, हे मी अजून विचारलेलं नाही.

परवा बसच्या खिडकीतून पुन्हा ते कागद दिसले. उन्हानं द्राक्षाचे मणी तांबूस पडू नयेत म्हणून घडांना वर्तमानपत्राचे कागद बांधतात. आख्ख्या बागेत हजारो घड, प्रत्येक घडाभोवती शिळी बातमी, आणि वारा आला की सगळी बाग सळसळते. पाखरं बसू नयेत म्हणून ओळींवरून चमकीच्या पट्ट्या ताणलेल्या असतात. त्या वाऱ्यात घूं करतात. लांबून ऐकलं तर कुणीतरी तोंड मिटून बोलतंय असं वाटतं. तो आवाज आला की मला वैष्णवी आठवते आणि अंगावर काटा येतो. इतकी वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईला हे शोभत नाही, पण येतो त्याला मी काय करू?

काही वर्षांपूर्वीचा असाच फेब्रुवारी होता. मुख्याध्यापिकाबाईंनी दहावीतली एक मुलगी माझ्याकडे धाडली. धाडण्याआधी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, कान तपासलेत. नाशिकला नेऊन मशीनवर तपासलेत. चांगले आहेत. डोकं चांगलं आहे. नुसता माज आहे हो."

झालं असं होतं. मराठीची सराव तोंडी परीक्षा होती. नेहमीचे सर रजेवर होते, म्हणून दुसऱ्या तुकडीचे सर आले. ते मुलांना चेहऱ्यानं ओळखत नव्हते. एकेक नाव पुकारायचं आणि आत घ्यायचं, अशी पद्धत. त्यांनी वैष्णवीचं नाव तीनदा पुकारलं. कुणी उठलं नाही. त्यांनी यादीत गैरहजर लिहिलं आणि पुढं गेले. वैष्णवी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली होती, दारापासून चार हातांवर, मांडीवर पुस्तक उघडून. एरवी हजेरीच्या वेळी शेजारची मुलगी तिला कोपर मारायची आणि ही "हजर" म्हणायची. त्या दिवशी शेजारणीचा नंबर आधी लागला होता, त्यामुळे कोपर मारायला कुणी नव्हतं. तिच्या त्या कोपरावर ही पोर किती वर्षं चालली होती, हे तेव्हा प्रथम लोकांच्या लक्षात आलं. आणि आता तीन आठवड्यांवर खरी तोंडी आली होती. तिथं गैरहजर म्हणजे शून्य.

मला शाळेत बसायला प्रयोगशाळेशेजारची एक चिंचोळी खोली दिली होती. दोन खुर्च्या, एक टेबल, आणि कोपऱ्यात मोडकी हार्मोनियम. मुलगी दारात आली. तेल लावून घट्ट दोन वेण्या, शांत चेहरा. मी म्हटलं, "ये वैष्णवी, बस."

ती वळून मागे बघू लागली. दाराकडे. इतक्या सहज, की मीही मान लांब करून बघितलं. दारात कुणी नव्हतं.

"कुणाला बघतेस गं?"

"तुम्ही बोलावलंत ना तिला."

"कुणाला?"

"वैष्णवीला," ती म्हणाली. एस. टी. स्टँड कुठंय हे विचारल्यावर सांगावं तशी सरळ, नम्रपणे. मग खुर्चीत बसली.

बाकी सगळं ती नीट बोलत होती. गणित आवडतं, इतिहासाच्या सनावळ्या पाठ होत नाहीत, डब्यात शेपूची भाजी असली की मैत्रिणीला देते. हसली सुद्धा. मी अधूनमधून नाव पेरून पाहिलं. दर वेळी तिचे डोळे दाराकडे जात, थोडा वेळ थांबत आणि परत येत. "तुझं नाव काय?" असं विचारलं तर म्हणायची, "वैष्णवी." वहीवर नाव लिहायची. नाव तिचं आहे हे तिला ठाऊक होतं. फक्त ते कुणी उच्चारलं की ते तिच्यासाठी नसायचं. "मग तुला कुणी बोलावलं, हे तुला कळतं कसं?" मी विचारलं. तिनं विचार केला. "मला नाही बोलावत," ती म्हणाली. "मी असतेच ना तिथं."

त्या संध्याकाळी मी फाइलमध्ये मोठमोठे तीन शब्द लिहिले. शिकलेल्या माणसाला घाबरल्यावर असे शब्द सुचतात. नंतर ते पान मीच फाडून टाकलं. बसमध्ये बसले तेव्हा मागच्या सीटवरचा कुणीतरी फोनवर "हॅलो, ऐकतोय ना" म्हणत होता आणि मी दोनदा वळून बघितलं.

तिसऱ्या भेटीला दुपारची सुट्टी संपून गेली होती. शाळा वर्गांत शिरलेली, आवारात चिटपाखरू नाही, कडुलिंबाची पानं पडायचे दिवस. मी ठरवलं होतं की आज नुसती हाक मारायची आणि वाट बघायची. अधिक काही बोलायचं नाही. "वैष्णवी," मी म्हटलं. तिनं दाराकडे बघितलं. मी थांबले. पुन्हा, जरा मोठ्यानं, "वैष्णवी."

आणि बाहेरून ओ आला. "आले, आले."

मोठ्या बाईचा आवाज होता, घाईचा, कामातून उठून येणारा. माझ्या हातातलं पेन खाली पडलं. समोरची पोर हलली नव्हती, तिचे ओठ मिटलेले होते. ती दाराकडेच बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, की बघा, आली ना.

दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, बोटं द्राक्षाच्या रसानं काळपट झालेली. "बोलावलं का मॅडम?"

"मी वैष्णवीला बोलावलं."

"हां, मंग आलेच की," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावून हसली. "अगं बाई. मी हिची आई. हिला न्यायला आले होते, बाहेर बसले होते. आमच्या ह्यांच्यामुळं सवय पडली ना. हे मला हिच्या नावानं हाक मारतात."

आता यात नवल काही नाही. आपल्याकडे नवऱ्यानं बायकोचं आणि बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून पोराच्या नावानं हाक मारायची, हे गावोगाव चालतं. मी ज्या घरात वाढले तिथं आई आणि अण्णा एका चटईवर बसलेले असत आणि आई मला सांगे, "सांग तुझ्या अण्णांना, पानं वाढलीत." अण्णा मला सांगत, "सांग आईला, आलो." मी मधे बसून वरणभात खात असे आणि दोघांचं दोघांना पोचलेलं असे. आम्ही भावंडं यावरून पोट धरून हसत असू. शहरातल्या माझ्या खोलीतही जोडपी येतात ती माझ्याकडे तोंड करून बोलतात. "यांना सांगा मॅडम, मी काही बोलले नव्हते." अहो, ते शेजारीच बसलेत, गुडघ्याला गुडघा लागतोय. पण नाही, मी सांगितलं पाहिजे. हे सांगण्याचेच मला पैसे मिळतात असं माझा नवरा म्हणतो. तो मला अगं म्हणतो. फार लाडात आला तर अगं ए.

पण त्या घराची गोष्ट जरा पुढं गेलेली होती. वैष्णवीच्या आईनं खुर्चीच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. मळ्यात घर, जवळपास वस्ती नाही. माणसं तीन. नवरा द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये गाड्या भरून देतो, घरची दीड एकर बाग दोघं मिळून करतात. तो बागेच्या त्या टोकाहून "वैष्णवी" म्हणतो, ही पाण्याची कळशी घेऊन जाते. ही ओट्यावरून "वैष्णवी" म्हणते, तो जेवायला येतो. "दोघं एकमेकांना तेच म्हणतो. कोण कुणाला म्हणतंय ते आवाजावरून कळतं."

"आणि हिला बोलवायचं असलं तर?"

बाई थबकली. "हिला कशाला बोलवायचं? ही घरातच असती." मग काहीतरी आठवून तिला हसू आलं. "लहान असताना लय पळत यायची. हाक मारली की हीच हजर. तुला नाय गं, आईला बोलावलं, म्हणून हे परत पाठवायचे. दिवसातून दहादा यायची, दहादा परत जायची बिचारी. मंग शिकली."

शिकली, हे तिनं कौतुकानं सांगितलं. मुलगी शेजारी बसून ऐकत होती.

मला फार बरं वाटलं, हे कबूल करते. रोग सापडला, आता औषध सोपं. दुसऱ्या दिवशी मी नवऱ्यालाही बोलावून घेतलं. उंच, वाकलेला, टोपी हातात धरून बसलेला माणूस. मी दोघांना समजावून सांगितलं आणि झोकात गृहपाठ दिला. आजपासून घरात वैष्णवी ही हाक फक्त वैष्णवीसाठी. तुम्ही दोघांनी एकमेकांना नावानं हाक मारायची. बाई पदराआड हसत सुटली. "नाव घ्यायचं म्हंजे दर वेळी उखाणा घ्यावा लागल की मॅडम." तो लाजला. मीही हसले. बसमधून घरी जाताना मनात म्हटलं, यालाच म्हणतात काम.

आठवड्यानं तिचा फोन आला. तोंडीला तीन दिवस उरले होते. आवाज अगदी हळू, कुणी ऐकू नये असा. "ताई, घर लय गप झालंय."

गृहपाठ त्यांनी मनापासून केला होता. वैष्णवी म्हणायचं नाही, तर दोघांनी म्हणणं सोडलं. पण एकमेकांची नावं काही जिभेवर येईनात. पंधरासोळा वर्षांत कधी आली नव्हती. आणि मुलीला मुद्दाम हाक मारायची तर कशासाठी मारायची ते सुचेना. मग आठ दिवस त्या घरात कुणी कुणाला हाकच मारली नाही. जेवायची वेळ झाली की बाई ताट वाजवायची. त्याला पाणी हवं असलं की तो स्वतः चालत यायचा. "ते चाललं असतं ओ," ती म्हणाली. "पण पोरगी आता काहीतरीच करती. नणंद म्हणती त्र्यंबकला नेऊन काय असल ते करून आणा. मला भ्या वाटतं ताई. तुम्ही एकदा येऊन ऐका."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. दुपारचे चार वाजले असतील. फाट्यावर उतरून बागांमधल्या पायवाटेनं चालायचं होतं. दोन्ही बाजूंना कागद बांधलेले घड, छातीच्या उंचीवर. माणूस दिसत नव्हतं, सगळे दुसऱ्या बागेच्या तोडणीला. डोक्यावर त्या पट्ट्यांची घूं घूं. घर दिसायच्या आधी हाक ऐकू आली. "वैष्णवी." बाईचा आवाज, लांबवलेला, शेवटचं अक्षर वर नेणारा. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, आई पोरीला हाक मारायला लागली. मग लगेच दुसरी हाक आली, "वैष्णवी." जाड, घशातली, पुरुषाची. नवराही घरी आहे वाटतं. मी पाय उचलले.

ओट्यावर एकटी वैष्णवी उभी होती. आई खाली गोठ्याच्या आडोशाला, तोंडावर पदर दाबून, मला बोटानं गप राहा म्हणून सांगत होती. मुलीनं बागेकडे तोंड करून पुन्हा आईच्या आवाजात हाक मारली. थोडं थांबून बापाच्या. दोन्ही हुबेहूब. मग मान जराशी तिरकी करून ती वाट बघत उभी राहिली. बागेतून कागदांची सळसळ येत होती आणि क्षणभर, देवाशप्पथ सांगते, मलाही वाटलं की ओळींमधून आता कुणीतरी चालत येईल.

मी जवळ गेले. हाक मारायचं धाडस झालं नाही. पायरीवर बसले आणि विचारलं, "कुणाला बोलावतेस गं बाळ?"

"वैष्णवीला. घरात तिला आता कुणीच बोलावत नाही, म्हणून ती यायची बंद झालीय." तिचा आवाज स्वतःचा, बारीक, जरा थकलेला होता. "तोंडी दोन दिवसांवर आलीय मॅडम. ती आली नाही तर परीक्षेला कोण बसणार?"

मला रडू आलं. भीतीनं आलं की लाजेनं, ते मी आजही सांगू शकत नाही. एका पोरीला सगळ्यांनी मिळून घराबाहेर ठेवलं होतं आणि मी येऊन त्या घराला आतून कडी घातली होती. तिला काही समजावलं नाही. तिच्याबरोबर ओट्यावर बसून राहिले, अंधार पडायच्या आत बस गाठायची म्हणून उठले. जाताना तिच्या बापाला पॅकहाउसवर गाठलं. आत थंड हवा, गंधकाचा वास, बाया ओळीनं घड कातरत होत्या. मी त्याला एवढंच म्हटलं, "परवा शाळेत या. दोघं या. तिचा नंबर यायच्या आधी तिला हाक मारा. तिलाच."

"आणि काम काय सांगू?" त्यानं विचारलं.

"काम सांगायचं नाही."

त्याला ते कळलं नाही असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी एक सोपा तोडगा काढला. नावानं ओ देत नाही ना, मग बैठक क्रमांक पुकारू, क्रमांकाला देईल. दिलाही असता. मी इतकी भडकले की बाई खुर्चीत मागे सरकल्या. ही पोर आयुष्यभर नंबराला उठेल, म्हटलं, दवाखान्यात आणि बँकेत, आणि आपण म्हणू पास झाली. बाई म्हणाल्या, "आणि नापास झाली तर जबाबदारी तुमची." मी म्हटलं माझी. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

तोंडीच्या दिवशी व्हरांड्यात पोरं ओळीनं बसली होती. वैष्णवीच्या पुढं दोघं उरली होती. तिची शेजारीण आत गेली. लिंबाखाली तिचे आईबाप येऊन उभे राहिले, दोघांमध्ये चांगलं हातभर अंतर ठेवून. मी त्याला मान हलवून खूण केली. त्यानं टोपी काढली, घातली, आणि हाक मारली. रोज मारायचा तशीच, बागेच्या टोकापर्यंत जाणारी. शेजारी उभ्या बायकोच्या तोंडून "आले"मधला "आ" निघून गेला. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. वैष्णवीनं मागे भिंतीकडे बघितलं.

दुसरी हाक. आता तिनं आईकडे बघितलं, तू जात का नाहीस अशा नजरेनं. आई खाली बघत उभी राहिली, पायाचा अंगठा मातीत रुतवून. आणखी एक मुलगा आत गेला. तिसरी हाक त्यानं मारली ती हाक नव्हतीच. हळू, जवळच्या माणसाशी बोलावं तसं तो म्हणाला, "वैष्णवी."

ती उठली. पुस्तक बाकावर ठेवलं. आठ पावलं चालत लिंबाखाली आली. "काय पप्पा?"

काम नाही हे त्यालाच सहन होत नव्हतं. "काय नाय," तो म्हणाला. "तुलाच बोलावलं."

"मला?"

"हा. तुलाच."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली. तेवढ्यात आतून सरांनी तिचं नाव पुकारलं, आणि ती न वळता, मागे न बघता, "हो सर, मी" म्हणत दारातून आत गेली.

मी लिंबाच्या बुंध्याला टेकले. आवार पुन्हा रिकामं झालं. वैष्णवीची आई माझ्याजवळ आली आणि पदर नीट करत मला विचारू लागली, "ताई, ते नाव तर तिचं झालं. आता मला कशी हाक मारतील?"

उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मग कळलं, ती मला विचारतच नव्हती. तीन हातांवर उभ्या असलेल्या माणसाला विचारत होती, माझ्यामार्फत. मी तोंड मिटून घेतलं.

शेवटी तो पुढे आला. तिच्याकडे बघून, सरळ तिलाच म्हणाला, "माहेरचं एक हाय. लग्नात मी तांदळात लिहिलेलं एक. कंच्या नावानं मारू?"

गृहपाठ देताना हे मी विचारलं नव्हतं. शाळेच्या कागदांवर तिचं नाव छापलेलं होतं, तेही मी बघितलं नव्हतं. माझ्या फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून वैष्णवीची आई एवढंच लिहिलेलं होतं.

तिनं तोंड उघडलं, मिटलं. कपाळाला आठ्या पडल्या. दोन्ही नावं ती आतल्या आत म्हणून बघत असावी, ओठ हलत होते.

"थांबा," ती म्हणाली, "आठवून सांगते."